टायर रस्त्याला टेकलेला राहावा म्हणून

माझी कावासाकी निन्जा ६५० मी सेकंड-हँड घेतली तेव्हा तिच्या इंजिनाबद्दल मला शंका नव्हती, आणि आजही नाही. ६४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएस ताकद, १५ लिटरची टाकी. हँडल फार खाली नाही, पुढे वारा अडवणारी काच आहे, मागे माणूस आणि दोन बॅगा बसतात. रोज ऑफिसला नेता येते आणि सुट्टीत दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटरही मारता येतात. स्पोर्ट टूरर म्हणतात तो हाच प्रकार.

पण कंपनीला गाडी एका ठरावीक किमतीत बसवायची असते, आणि कात्री कुठे लागली हे तपशिलाचा तक्ता नीट वाचला की कळतं. पुढचे ४१ मिलिमीटरचे फोर्क साधे टेलिस्कोपिक. त्यांना एकही ॲडजस्टमेंट नाही. मागच्या एकुलत्या शॉकअपला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची तेवढंच ठरवता येतं. पुढे ३०० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि प्रत्येकीवर दोन पिस्टनचा निसिन कॅलिपर, मागे २२० मिलिमीटरची एक डिस्क. एबीएस आहे. हलक्या माणसाने, एकट्याने, चांगल्या रस्त्यावर चालवली तर तक्रारीला जागा नाही.

आमचं तसं नव्हतं. माझं वजन ८४ किलो. बायकोचं माहेर सावंतवाडीजवळ, त्यामुळे पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडी हा आमचा ठरलेला रस्ता. दोघं, दोघांची जॅकेटं-हेल्मेटं आणि दोन भरलेल्या बॅगा धरल्या तर गाडीच्या पाठीवर पावणेदोनशे किलो सहज होतात. गाडीचं स्वतःचं वजन दोनशे किलोच्या थोडं आतच आहे. म्हणजे जवळपास गाडीइतकंच ओझं तिच्यावर, आणि ते पेलायला मूळ स्प्रिंगा.

पहिली तक्रार बायकोने केली. ‘तू ब्रेक दाबलास की मी पुढे सरकते. आणि रेस दिलीस की मागे. सावंतवाडीपर्यंत माझी पाठ जाते.’ मागे बसणाऱ्याला हँडल नसतं, पुढचा रस्ता नीट दिसत नाही, आणि चालवणारा काय करणार आहे हे आधी कळत नाही. त्यामुळे सस्पेन्शनचा खरा हिशेब त्यालाच कळतो. ती म्हणत होती ते तंतोतंत खरं होतं. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली बुडायचं, सोडला की उसळून वर यायचं. वळणात डांबराचं ठिगळ आलं की पुढचं चाक एक छोटी उडी मारायचं आणि तेवढ्या वेळापुरती गाडी ठरवलेल्या रेषेच्या बाहेर सरकायची.

दुसरी गोष्ट आंबोलीत कळली. पावसाळा संपता संपता घाट उतरत होतो. पुढे लाल परी, तिच्या पुढे एक टेम्पो, त्यामुळे सगळा उतार ब्रेकवर. अर्ध्यावर आल्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर पहिल्यापेक्षा जास्त आत येऊ लागला. गाडी थांबत होती, पण बोटांना कडक लागायला हवं तिथे मऊ लागत होतं. धबधब्याजवळ गाडी बाजूला घेतली, ब्रेक थंड होऊ दिले, आणि उरलेला घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरलो. पुण्यात परत आल्यावर पहिलं काम ठरलं.

मित्रांचा सल्ला ठरलेला होता: सायलेन्सर बदल, आवाज काय येतो बघ. आवाजावर पैसे घालायची मला इच्छा नव्हती. पोलिसांनी मॉडिफाय केलेले सायलेन्सर रस्त्यावर ठेवून त्यांवर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती कारवाई मला योग्यच वाटते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. मी जे करायचं ठरवत होतो त्यात इंजिन, चेसिस, रंग, चाकांचं माप यांतलं काहीच बदलणार नव्हतं. तरी विमा कंपनीला मी आधी लेखी कळवलं. तेवढं प्रत्येकाने करावं.

मी ज्या मेकॅनिककाकांकडे गेलो त्यांचं गॅरेज छोटं आहे, पण भिंतीवर पाने मापाप्रमाणे लावलेले असतात आणि टॉर्क पाना वापरल्याशिवाय चाकाचा एकही बोल्ट ते आवळत नाहीत. गाडी बघून त्यांनी कुठलाच भाग सुचवला नाही. टायरमधली हवा तपासली. कंपनीचं माप पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय आहे, त्यावर आणली. पुढचं चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघितलं, बेअरिंगला खाच पडलेली नव्हती. मग म्हणाले, ‘साहेब, आधी मोजू. मोजल्याशिवाय पैसे घालवू नका.’

मोजायचा होता सॅग. सॅग म्हणजे गाडीवर वजन आल्यावर स्प्रिंग किती बसते ते अंतर. आधी चाक हवेत ठेवून फोर्क पूर्ण लांब होऊ द्यायचा आणि उघड्या दांड्याची लांबी घ्यायची. मग मी पूर्ण पोशाखात गाडीवर बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने मोजायचं. यात एक बारकावा काकांनी दाखवला. त्यांनी गाडी पुढून दाबून हळू वर येऊ दिली आणि माप घेतलं. मग किंचित उचलून हळू खाली बसू दिली आणि पुन्हा माप घेतलं. दोन मापं वेगळी आली. त्यांची सरासरी हा सॅग, आणि दोघांतला फरक म्हणजे सील आणि बुशचं घर्षण. फरक फार मोठा असेल तर स्प्रिंग बदलण्याआधी फोर्क उघडून साफ करावा लागतो.

निन्जाच्या पुढच्या सस्पेन्शनची एकूण चाल १२५ मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीला, चालवणारा बसल्यावर, त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश चाल वापरली जावी असा संकेत आहे, म्हणजे पस्तीस-चाळीसच्या आसपास. माझं माप ४८ आलं. बायको मागे बसल्यावर मागची १३० मिलिमीटरची चाल निम्म्याच्या जवळ संपत होती, तेही गाडी जागेवर उभी असताना. मग काकांनी फोर्कच्या दांड्याला एक केबल टाय बांधला आणि मला एक फेरी मारून, एकदा जोरात ब्रेक लावून यायला सांगितलं. परत आलो तर टाय दांड्याच्या पार शेवटाला जाऊन टेकला होता. फोर्क तळ गाठत होता. ब्रेक लावलेला असताना खड्डा आला तर तो गिळायला फोर्ककडे काहीच शिल्लक राहत नव्हतं.

मागचा प्रीलोड हुक पान्याने वाढवून बघितला. इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो: प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर बसेल ते बदलतं. गाडी वर आली, पण खड्ड्यातला दणका होता तसाच राहिला. काका म्हणाले, ‘स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही. पाना कितीही फिरवा.’

पुढे काय करायचं हे ठरवण्याआधी फोर्कच्या आत काय चालतं ते मी समजून घेतलं, आणि ते समजल्यावर खर्च पटला. अशा साध्या फोर्कमध्ये एक डॅम्पिंग रॉड असतो, त्याला ठरावीक मापाची भोकं असतात, आणि चाक वर-खाली होताना ऑइल त्या भोकांतून ढकललं जातं. अडचण भोकांच्या स्थिर मापात आहे. ऑइल दुप्पट वेगाने ढकललं की विरोध दुप्पट न होता चौपटीच्या आसपास जातो. म्हणून ब्रेक लावताना नाक हळूहळू खाली जातं तेव्हा विरोध कमी पडतो, आणि खड्ड्याच्या धारेवर चाक झटक्यात वर फेकलं जातं तेव्हा विरोध इतका वाढतो की दणका थेट मनगटात येतो. एकाच फोर्कची दोन तोंडी तक्रार: गरज असते तिथे मऊ, नको तिथे कडक. जाड ऑइल घातलं तर बुडणं कमी होतं पण दणका वाढतो. पातळ घातलं तर उलटं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पूर्ण कार्ट्रिज किट, जे महाग आहे. दुसरा म्हणजे योग्य स्प्रिंग आणि एम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह डॅम्पिंग रॉडच्या डोक्यावर बसतो. त्याला स्वतःची छोटी स्प्रिंग असते. हळू हालचालीत तो बंद राहून विरोध करतो, आणि खड्ड्याच्या धारेवर दाब वाढला की उघडून ऑइलला वाट देतो. मी दुसरा उपाय निवडला.

फोर्क उघडायचं काम मी शेजारी बसून पाहिलं. आधी कॅलिपर सोडवले आणि तारेने फ्रेमला टांगले; ब्रेकच्या पाइपवर त्यांचं वजन येऊ द्यायचं नसतं. फोर्क क्लॅम्पमध्ये असतानाच वरच्या टोप्या सैल केल्या, कारण फोर्क बाहेर काढल्यावर त्या फिरवताना धरायला काही राहत नाही. जुनं ऑइल परातीत ओतलं तर ते राखाडी होतं, उन्हात धरल्यावर त्यात धातूचे बारीक कण चमकत होते आणि वास जळकट होता. रॉड काढून त्याची भोकं ड्रिलने मोठी केली. विरोधाचं काम आता व्हॉल्व्हने करायचं असल्याने रॉडने वाट अडवता कामा नये. भोकांच्या कडा काकांनी कानशीने घासल्या, मग पॉलिश पेपरने, मग बोट फिरवून पाहिलं. आत एक कण राहिला तर तो सील खातो.

नवी स्प्रिंग ०.९५ किलो प्रति मिलिमीटरची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या वेढ्यांची. स्प्रिंग आणि टोपीच्या मधल्या जागेसाठी स्पेसर लागतो. तो काकांनी नळकामाच्या पीव्हीसी पाइपचा कापला. करवतीने कापून, काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर दोन्ही टोकं काटकोनात घासून, व्हर्नियरने दोन्ही तुकडे सारखे आहेत ना ते बघून. इतक्या महागड्या कामात पीव्हीसीचा तुकडा बघून मला आश्चर्य वाटलं होतं, पण त्याच्यावर फक्त सरळ दाब येतो आणि तो भार हा पाइप आरामात घेतो. ऑइल भरून फोर्क वर-खाली पंप करत हवा काढली आणि मग, फोर्क पूर्ण दाबून व स्प्रिंग बाहेर ठेवून, ऑइलची पातळी वरून मोजली. दोन्ही पायांत ती सारखीच हवी. ऑइलच्या वर राहिलेली हवाही दाबली जाताना स्प्रिंगसारखं काम करते, म्हणून ही पातळी मिलिमीटरमध्ये मोजतात.

मागे संपूर्ण शॉकअप बदलला. युरोपातल्या एका कंपनीकडून तो मागवला. तिने ऑर्डर घेतानाच माझं वजन, मागे बसणाऱ्याचं वजन आणि सामानाचा अंदाज विचारला आणि त्याप्रमाणे स्प्रिंग बसवून पाठवला. आयात शुल्क धरून त्या पैशांत एक साधी नवी स्कूटर आली असती. या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत मोठा खर्च. बदल्यात दोन गोष्टी मिळाल्या. रिबाउंडचा स्क्रू, ज्याने दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल ते ठरवता येतं. आणि हाताने फिरवायचा हायड्रॉलिक प्रीलोड, ज्यामुळे एकटा असताना आणि बायको-बॅगा असताना गाडी त्याच उंचीवर आणता येते. पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत. म्हणून ते खरोखर केलं जातं.

आता ब्रेक. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर मी मुद्दाम बदलले नाहीत. मास्टर सिलिंडरचा पिस्टन आणि कॅलिपरचे पिस्टन यांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण कंपनीने जुळवलेलं असतं. मास्टर सिलिंडर मोठा घेतला तर लिव्हर कडक लागतो आणि माणसाला वाटतं ब्रेक सुधारले, पण तेवढंच थांबायला बोटांनी जास्त जोर लावावा लागतो. शिवाय एबीएसचा सगळा हिशेब मूळ मापांवर बेतलेला असतो. देशात १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकी मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. माझ्या मते आपल्या दुचाकींबाबत घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी तो एक आहे. त्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही हे मी ठरवून टाकलं होतं.

बदलल्या त्या तीन गोष्टी: ऑइल, पाइप, पॅड.

आंबोलीत लिव्हर मऊ का पडला याचं उत्तर ऑइलमध्ये होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शिरलं की तो १५५ पर्यंत आला तरी चालतो असं मानक सांगतं. लांब उतारावर कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग लिव्हर आत येतो. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. आधीच्या मालकाकडे ते कधी बदललं याची नोंद नव्हती. कावासाकीच्या देखभालीच्या तक्त्यात ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी आणि ब्रेकचे रबरी पाइप दर चार वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. किलोमीटर कितीही झालेले असोत. आपल्याकडे इंजिन ऑइलची आठवण सगळ्यांना असते, ब्रेक ऑइलची कुणाला नसते.

मी डॉट ५.१ भरलं, त्याचे किमान उकळबिंदू २६० आणि १८० आहेत आणि ते डॉट ४ च्याच जातीचं आहे. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं. ते या गाड्यांत घालायचं नाही आणि दुसऱ्यात मिसळायचं तर मुळीच नाही. दुकानात नावातल्या साम्यामुळे घोटाळा होतो, म्हणून बाटली स्वतः वाचून घ्यावी. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवून उपयोग नाही, ती बाटलीतच पाणी शोषते.

पाइप स्टीलच्या जाळीचे घेतले. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टेनलेस स्टीलची वीण. रबरी पाइप जुना झाला की दाबाखाली किंचित फुगतो आणि बोटांचा काही जोर त्या फुगण्यात जातो. याचा फुगवटा जवळपास नाही. जोडावरचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालायचे, कारण ते एकदाच दबून जागा घेतात. एबीएसच्या गाडीत पाइप बदलताना एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरू नये म्हणून सिस्टिम रिकामी होऊ द्यायची नसते. काकांनी एकेक जोड सोडून लगेच बांधला, मास्टर सिलिंडरपासून सुरुवात करून खालपर्यंत हवा काढली आणि लिव्हर दाबलेल्या स्थितीत बांधून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुन्हा थोडी हवा निघाली.

पॅड सिंटर्ड घातले, म्हणजे धातूची पूड दाब आणि उष्णतेने एकजीव करून बनवलेले. ओल्या डिस्कवर ते लवकर पकड घेतात, आणि ज्या घाटात पावसाळ्यात डिस्क कोरडी राहतच नाही तिथे हाच निकष महत्त्वाचा. नवे पॅड घालून लगेच घाट गाठायचा नसतो. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, जोर थोडा थोडा वाढवत ब्रेक लावायचे, मधे डिस्क थंड होऊ द्यायची. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की खरी पकड येते.

यानंतर सेटिंग. त्यासाठी वाई ते पाचगणीचा पसरणी घाट निवडला. चढ, उतार, बंद वळणं, चांगलं डांबर आणि खराब डांबर, सगळं एकाच रस्त्यावर मिळतं. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि लगेच वहीत नोंद. रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद करून तिथून किती क्लिक उघडला ते मोजायचं. फार उघडा ठेवला तर खड्ड्यानंतर मागचा भाग दोनदा डुलायचा. फार बंद केला तर सलग खड्ड्यांत शॉकअपला परत उघडायला वेळ मिळायचा नाही आणि तो खाली खाली बसत जायचा. दोन्हींच्या मधली जागा सापडली तेव्हा बायकोला मागे बसवून पुन्हा तपासलं. पुढचा सॅग आता ३६ आला होता. जोरदार ब्रेकनंतरही केबल टाय शेवटापासून दोन बोटं अलीकडेच थांबत होता.

सगळ्यांत मोठा फरक मला जिथे अपेक्षित नव्हता तिथे दिसला: एबीएसमध्ये. पसरणीच्या उताराला एका वळणाआधी डांबर लाटांसारखं उठलेलं आहे. पूर्वी तिथे ब्रेक लावला की लिव्हर बोटाखाली थरथरायचा, म्हणजे एबीएस काम करू लागायचं, आणि गाडी तेवढी पुढे जायची. मी समजत होतो टायरची पकड कमी पडते. कारण वेगळं होतं. उंचवट्यावरून चाक क्षणभर हवेत जायचं, हवेतल्या चाकाला ब्रेक लागला की त्याचा वेग एकदम पडायचा, आणि एबीएसला वाटायचं चाक लॉक होतंय, म्हणून ते ब्रेक सोडायचं. एबीएस बरोबरच वागत होतं. चूक चाक हवेत जाण्यात होती. नव्या स्प्रिंगा आणि एम्युलेटरनंतर त्याच जागी, तितक्याच जोराने ब्रेक लावल्यावर लिव्हर बहुतेक वेळा शांत राहतो आणि गाडी थांबते.

तेव्हा मला पूर्ण पटलं की ब्रेक आणि सस्पेन्शन ही दोन वेगळी कामं नाहीत. कॅलिपर चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो रस्त्याला टेकलेला टायर. तो टेकलेला ठेवणं हे सस्पेन्शनचं काम. कितीही भारी कॅलिपर लावा, टायर उड्या मारत असेल तर तो पैसा फुकट. आणि कितीही भारी शॉकअप लावा, ब्रेक ऑइल उकळत असेल तर घाटात उपयोग शून्य.

त्यानंतर सावंतवाडीला गेलो ते भर पावसात. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत आंबोली मोजतात, आणि त्या दिवशी धुकंही दाट होतं. एका बंद वळणावर समोरून एसटी आली, तिला वळायला जागा हवी होती म्हणून ती आमच्या बाजूला बरीच आत आलेली. डांबर ओलं, कडेला मुरूम वाहून आलेला. दोन बोटांनी ब्रेक दाबला. नाक थोडं खाली गेलं आणि तिथेच थांबलं. गाडी डोलली नाही, सरकली नाही, बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरने हात वर केला, मीही केला, आणि ती पुढे गेली. खाली उतरल्यावर सावंतवाडीत चहा घेताना बायकोला विचारलं, पाठ कशी आहे. ‘आज लक्षातच आलं नाही,’ ती म्हणाली. शॉकअपच्या बिलाबद्दल त्यानंतर आमच्यात चर्चा झालेली नाही.

तोटेही सांगायला हवेत. एम्युलेटरचं सेटिंग बाहेरून बदलता येत नाही. टोपी उघडून, स्प्रिंग काढून, व्हॉल्व्ह चुंबकाच्या कांडीने वर ओढावा लागतो. मागचा शॉकअप ठरावीक काळाने उघडून ऑइल-गॅस बदलून घ्यावा लागतो आणि ते काम करणारी माणसं कमी आहेत. सिंटर्ड पॅड डिस्क थोडी लवकर झिजवतात. मूळ भाग मी तेलात पुसून, गुंडाळून ठेवलेत. गाडी विकायची वेळ आली तर ते परत बसवता येतात; भोकं मोठी केलेला फोर्कचा रॉड मात्र पूर्ववत होणार नाही.

तुमच्याकडे निन्जा असो, डॉमिनार असो किंवा दीडशे सीसीची रोजची गाडी, क्रम हाच ठेवा. आधी टायरची हवा आणि टायरची अवस्था. मग ब्रेक ऑइल. त्याला काहीशे रुपये लागतात आणि माझ्या सगळ्या खर्चात सर्वांत जास्त मोबदला त्याच पैशांनी दिला. मग सॅग मोजा. त्याला एक टेप आणि दोन मित्र पुरतात. मग पॅड आणि पाइप. मग तुमच्या वजनाची पुढची स्प्रिंग. महागडा शॉकअप सगळ्यांत शेवटी, आणि मागे कुणी नेहमी बसत असेल तरच. सायलेन्सर या यादीत नाही.

आणि हे सगळं पुढे करायचं असेल तेव्हा करा, पण यंदा पाऊस सुरू होण्याआधी गाडीचं ब्रेक ऑइल बदलून घ्या. कधी बदललं होतं ते आठवत नसेल तर याच आठवड्यात.